भिंतीवर थांबलेला वाफेचा पाइप

काचकारखान्याच्या चिमणीतून धूर निघताना दिसत नाही. पण तिच्या तोंडावरून पलीकडच्या दिव्याच्या खांबाकडे पाहिलं, तर खांबाचा वरचा वीतभर भाग थरथरताना दिसतो. वारा पडलेला असला तरी थरथरतो. खालचा भाग मात्र स्थिर असतो. खांब अर्थातच हलत नाही. चिमणीवरची हवा इतकी तापलेली असते, की तिच्यातून येणारा प्रकाश वाकतो आणि सरळ वस्तू वेडीवाकडी दिसते. म्हणजे त्या चिमणीतून काहीतरी सतत बाहेर पडत असतं. ते डोळ्यांना दिसत नाही, एवढंच.

मित्रांनो, मी वर्षानुवर्षं तो खांब पाहत आलो आहे. मी वाफेचा पाइप आहे. जुना म्हणावं तर वापरलेला नाही, आणि नवा म्हणावं तर अंगभर गंज चढला आहे. माझं एक टोक काचेच्या बाटल्या करणाऱ्या कारखान्यात आहे, तर दुसरं शेजारच्या सूत रंगवायच्या कारखान्यात. मध्ये विटांची उंच भिंत. तिच्यावरून मी पलीकडे उतरतो. ज्या वाफेसाठी मला इथे बसवलं, ती माझ्यातून एकदाही गेलेली नाही.

माझा जन्म आगीतला. खनिज आणि कोळसा एकाच भट्टीत घालून माझं लोखंड काढलं, त्याचं पोलाद केलं, आणि त्या पोलादाचा लालभडक ठोकळा रेटून रेटून त्याची पोकळ नळी केली. तुम्ही मला हात लावलात तर हाताला फक्त गार लोखंड लागेल. पण मला घडवताना हवेत जो वायू गेला, त्याचं वजन माझ्या वजनाच्या जवळपास दुप्पट होतं. कोळशातला कार्बन जळताना हवेतल्या ऑक्सिजनला धरून वर जातो, म्हणून वर गेलेला वायू जळलेल्या कोळशापेक्षाही जड भरतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो जातो आणि तिथेच राहतो. असा भार घेऊन मी जन्माला आलो. काम केलं असतं, तर तो भार कधीच हलका झाला असता.

मला इथे उभं केलं ते एका फिटरने. दोन्ही कारखान्यांत सगळे त्याला फिटरमामा म्हणत, त्याच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. तो कुणाच्याच नोकरीत नव्हता. ज्याचं काम निघेल त्याच्याकडे जाई. माझे तुकडे त्याने जोडले, खाली आधार दिले, आणि भिंतीच्या अलीकडे मला एक मोठं चौकोनी वळण दिलं. त्याची मुलगी तेव्हा शाळेत होती. ती जेवणाचा डबा घेऊन यायची. तिने विचारलं,

“बाबा, सरळ का नाही नेलात? उगाच वळसा.”

“वाफ आली की तो तापणार, तापला की लांबणार. लांबायला जागा नाही दिली तर भिंत पाडील.”

“आणि माणूस तापला तर?”

“त्याला जागा नाही द्यायची. पाणी द्यायचं आणि गप्प बसायचं. तुझ्या आईला विचार.”

मला ते वळण फार आवडलं. माझ्या ताणाचा विचार माझ्याआधी कुणीतरी केला होता. वर काचलोकरीचं पांघरूण घातलं, त्यावर चकचकीत पत्रा. येणारे-जाणारे थांबून पाहत. मी वस्तीतली सगळ्यांत देखणी वस्तू होतो, असं म्हटलं तर खोटं ठरणार नाही.

आता माझ्या दोन मालकांविषयी सांगतो. ते एकमेकांचे साडू. दोन सख्ख्या बहिणी दोन शेजारच्या कारखान्यांत दिलेल्या. थोरलीचा नवरा काचवाले, धाकटीचा नवरा रंगवाले. सगळी वस्ती त्यांना याच नावांनी ओळखे. काचेची भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षं पेटतीच ठेवावी लागते, कारण ती गार झाली तर आतली वितळलेली काच थिजते आणि भट्टीचं अस्तर फुटतं. तिचा तप्त धूर रात्रंदिवस चिमणीतून निघून जाई. भिंतीपलीकडे रंगवाल्यांना मोठमोठ्या हौदांत सूत उकळायला वाफ लागे, आणि त्यासाठी ते वेगळा कोळसा जाळत. एका घरची आंघोळ उरकून गरम पाणी मोरीत ओतून द्यावं आणि शेजारच्या घरी त्याच वेळी बंब पेटवावा, असला तो प्रकार होता. दोघी बहिणींनी मिळून दोघा नवऱ्यांच्या गळी उतरवलं. भट्टीच्या धुराच्या वाटेत पाण्याच्या नळ्यांचा एक पिंजरा बसवायचा, धुराच्या उष्णतेवर वाफ करायची, ती माझ्यातून पलीकडे न्यायची. वेगळी आगच नको.

पिंजरा बसला, मी बसलो, आणि वाफ सोडायचा दिवस उजाडला. आजूबाजूच्या कारखान्यांचे मालक पाहायला आले होते. साबणवाले, कागदवाले, रबरवाले. त्यांचंही आपापसांत असंच काही जोडता येईल का, हे त्यांना बघायचं होतं. दोन्हीकडचे कामगार अंगणात जेवायला बसले होते.

काचेच्या कारखान्यात एक शब्द कुणी उच्चारत नाही. भट्टी ‘विझली’ असं म्हणायचं नाही. दुरुस्तीसाठी मुद्दाम थंड केली, तरी ‘भट्टी निजली’ म्हणायचं. नवा कामगार आला की त्याला काम शिकवायच्या आधी हे शिकवतात. रंगवाल्यांना हे ठाऊक होतं. पण ते व्यवहारी माणूस, आणि एक प्रश्न त्यांच्या डोक्यात कित्येक दिवस घोळत होता. सूत हौदात असताना मध्येच वाफ गेली, तर रंग डागाळतो आणि सगळा माल फुकट जातो. जेवता जेवता, सगळ्यांच्या देखत, त्यांनी विचारलं,

“साडूभाऊ, पण तुमची भट्टी विझली तर माझ्या सुताचं काय?”

वाढणाऱ्याचा हात जागच्या जागी थांबला. काचवाल्यांनी ताट बाजूला सारलं.

“आजच्या दिवशी हा शब्द काढलात?”

“शब्दाने काय होतंय? मी व्यवहाराचं विचारतोय.”

“मग व्यवहार दुसरीकडे करा.” त्यांनी फिटरमामाला हाक मारली. “चकती बसव.”

“कायमची?”

“मी सांगेपर्यंत.”

प्रश्न रास्त होता, वेळ चुकली होती. दोघांतल्या एकाने दुसऱ्या दिवशी भिंतीपाशी येऊन दोन शब्द बोलले असते तर काम झालं असतं. पण एक म्हणे, त्याने माफी मागावी. दुसरा म्हणे, त्यांनी उत्तर द्यावं. मोडेन पण वाकणार नाही, असं माणसं मोठ्या अभिमानाने म्हणतात. मित्रांनो, मी लोखंडाचा आहे. मलासुद्धा तापवून वाकवता येतं.

माझ्या पलीकडच्या टोकाला, जिथे मी रंगवाल्यांच्या बॉयलरघरात उतरतो, तिथे फिटरमामाने दोन तोंडांच्या मध्ये वाट बंद करणारी लोखंडी चकती घातली आणि बोल्ट आवळले. पाहायला आलेले मालक आपापल्या घरी गेले. “सख्ख्या साडूंचं जमलं नाही, तिथे आपलं काय जमणार?” ही त्या वस्तीतली म्हणच होऊन बसली. साबणवाल्यांनी स्वतःचा बॉयलर आणला. मग कागदवाल्यांनी, मग रबरवाल्यांनी. एकाला लागे तेवढी वाफ दुसऱ्याच्या चिमणीतून वाया जाई, पण प्रत्येकाला स्वतःची आग हवी होती. एकेक बॉयलर गरजेपेक्षा मोठा घेतलेला, आणि निम्म्या ताकदीवर चालणारा. मोठ्या भांड्यात मूठभर शिजवायचं म्हटलं की भांडं तापवण्यातच निम्मं सरपण जातं.

लोखंडातून आवाज लांबवर जातो, त्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकू येतं. माझ्या भरवशावर रंगवाल्यांनी आपला आधीचा बॉयलर मोडीत काढला होता; त्याच्या जागी जो आणला, तो आधीच कुठेतरी वापरून काढून टाकलेला होता. त्याच्यासमोर जो माणूस उभा राही, त्याला सगळे भोंगा म्हणत. बॉयलरच्या घरघरीत आयुष्य गेल्याने त्याचे कान मंद झाले होते, आणि कानात सांगायची गोष्टही तो चारचौघांत सांगितल्यासारखी सांगे. फिटरमामाची मुलगी मोठी झाल्यावर तिचं त्याच्याशीच लग्न झालं. तो तिला मागणी घालायला आला, ते म्हणे अख्ख्या गल्लीने ऐकलं.

भोंगा कामाचा सच्चा होता. पण त्याच्या हाती जे येई त्यातूनच त्याला वाफ काढायची होती. कोळसा दरवर्षी हलका येऊ लागला. ओला, मातकट, अर्धा राखेचा. असा कोळसा टाकला, की आगीची बरीच ताकद आधी त्यातलं पाणी सुकवण्यात जाते आणि मग सुताच्या वाट्याला येते. म्हणून तो जास्त टाकावा लागे. हवा कमी सोडली तर काळा धूर, जास्त सोडली तर सगळी ऊब चिमणीवाटे पसार. तो बिचारा दिवसभर झडपेशी खेळत बसे.

“काय रे, आज काय शिजवतोयस?” रंगखात्यातला माणूस दारातून ओरडून विचारी.

“माती,” भोंगा गरजे. “मातीची आमटी. तुझ्या शेठला नेऊन दे.”

रंगवाल्यांच्या कारखान्यात वाफेच्या नळ्यांवरचं पांघरूण केव्हाच झडून गेलं होतं. जागोजागी वाफ फुसफुसत असे. हौदावर झाकण नसे, कारण झाकण उचलायला वेळ लागतो आणि मागणी घाईची असे. घाईत रंग चुकला, की तेच सूत पुन्हा उकळायचं, कधी तिसऱ्यांदाही. ते सूत ज्यांच्या अंगावर कापड होऊन जायचं, त्यांना कधीच कळणार नव्हतं, की त्यांच्या सदऱ्याला तीन सदऱ्यांची आग लागली आहे. सुट्टीच्या दिवशी कारखाना बंद असला तरी बॉयलर मंद पेटता ठेवत. गार झालेला जुना बॉयलर पुन्हा तापवताना फुटेल, ही भीती. वीज गेली की अंगणातला जनरेटर धडधडू लागे. अशी एकेक गोष्ट छोटी. कुठल्याच एका माणसाने मुद्दाम हवा बिघडवली नाही. पण आमच्या वस्तीवरून पहाटे पक्षी जाईनासे झाले, आणि काचेच्या बाटल्या बांधणाऱ्या बायका बोलताना मध्येच थांबून खोकू लागल्या. डोळ्यांना दिसणारी काजळी तेवढी लोक पुसत. न दिसणाऱ्या वायूला पुसणार कसं? काचेची भट्टीही काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. तीही इंधन जाळतच होती. पण तिची उष्णता एकदा तरी कामाला आली असती, तर पलीकडची आग पेटलीच नसती. हे मी रोज पाहत होतो, आणि माझ्या पोटात पावसाचं पाणी आणि कोळ्यांची जाळी होती.

माझा पत्रा कुणीतरी काढून नेला. काचलोकर भिजून लोंबू लागली. कामगार माझ्यावर ओले कपडे वाळत घालत. “बरा आहे हा, कशाला तरी उपयोगी पडतो,” असं एक जण म्हणाला. तो थट्टेने म्हणाला होता. पण तेवढंच कौतुक मी कित्येक वर्षं जपून ठेवलं.

मग एकदा बॉयलरचा तपासनीस आला. त्याने बॉयलर थंड करायला लावला, आत बॅटरी मारली, नळ्यांवर हातोडीने एकेक टोला दिला. चांगली नळी खणकन वाजते. इथे मला बद्द आवाज ऐकू येत होता.

“नळ्या पातळ झाल्या आहेत. या सुट्टीत बदलून घ्या.”

“घेतो,” रंगवाले म्हणाले.

तपासनीस गेल्यावर ते बॉयलरसमोर उभे राहिले. नळ्या बदलायच्या तर काही आठवडे बॉयलर बंद ठेवायला हवा होता. फिटरमामा तिथेच होता.

“तेवढे दिवस वाफ कुठून आणायची?” रंगवाल्यांनी विचारलं.

फिटरमामाने वर, माझ्याकडे पाहिलं.

“ती लाइन मेली,” रंगवाले म्हणाले. “तिचं नाव नको.”

“शेठ, तिथे माझा जावई उभा असतो.”

“मला माहीत नाही का? पुढच्या सुट्टीत बघू.”

पुढची सुट्टी आली आणि गेली. घाईची मागणी होती. त्याच्या पुढची आली, तेव्हा रंगवाल्यांच्या बायकोने विषय काढला. “मी ताईशी बोलू का?”

“तू काही बोलायचं नाहीस. मी अजून कुणाच्या दारात उभा राहिलेलो नाही.”

भिंतीच्या अलीकडेही तेच चाललं होतं. थोरली माझ्याच सावलीत उभी राहून नवऱ्याला म्हणाली, “काढा की आता ती चकती. कुणाची वाट बघताय?”

“त्याने विचारायला नको?”

“तो विचारील तेव्हा ऐकायला तुम्ही असलात म्हणजे मिळवली.”

फिटरमामाची मुलगी नवऱ्याला रोज सांगे, की दाराच्या समोर नको, बाजूला उभा राहत जा. भोंगा हसे. “बाजूने आग दिसत नाही. आग न बघता कोळसा टाकू म्हणतेस? डोळे मिटून भाकरी भाजतेस का तू?”

तुम्हाला वाटत असेल, मला सगळं दिसत होतं तर मी ओरडलो का नाही. पाइपाला आवाज वाफेचा असतो. माझ्यात वाफच नव्हती.

ते भर दुपारी झालं. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. भोंग्याने दार उघडलं आणि फावडं भरलं. आतल्या एका पातळ नळीने तेवढ्यात दम तोडला. बॉयलरमधलं दाबाखालचं पाणी आगीत घुसलं, आणि क्षणात त्याची वाफ झाली. पाणी वाफ होतं तेव्हा शेकडो पटींनी पसरतं. त्याला बाहेर पडायला दोनच वाटा होत्या. एक समोरचं दार, दुसरी मागचं धुराडं. दारातून पेटता कोळसा आणि वाफ भोंग्यावर आली. मागच्या बाजूने जोर भिंतीवर गेला, आणि दोन कारखान्यांमधली ती भिंत बॉयलरघराएवढ्या लांबीत कोसळली. माझे आधार निखळले. पण त्या जुन्या चौकोनी वळणाने हिसका झेलला आणि मी तुटलो नाही. नुसता लोंबकळत राहिलो.

भोंग्याला पहिल्यांदा उचललं ते काचेच्या कामगारांनी. विटांच्या ढिगावरून धावत ते आले, त्याला ओढून काढलं, आणि गार पाणी ओतत राहिले. काचवाले स्वतः बादली घेऊन उभे होते. रंगवाले दारात होते. दोघांमध्ये एकही वीट उरली नव्हती, तरी ते एकमेकांशी बोलले नाहीत.

भोंगा वाचला. एक डोळा गेला. दोन्ही हातांची कातडी गेली, आणि नवी आली ती आखडून आली. बोटं पुरती मिटत नव्हती. आणखी एक झालं. त्याचा आवाज बसला. वाफ घशात गेली होती. आता तो बोले तेव्हा जवळ जाऊन ऐकावं लागे.

तुम्हाला वाटेल, आता तरी चकती निघाली असेल. नाही, मित्रांनो. ढिगारा तसाच पडून राहिला, कारण भिंत कुणाची यावर दोघांची माणसं वाद घालत बसली. काचवाल्यांनी फिटरमामाला बोलावून सांगितलं, की धुराच्या वाटेतला नळ्यांचा पिंजरा तपास, त्या पाइपाला सरळ कर, पाणी भरून दाब देऊन बघ. “काही ठरलेलं नाही हां. नुसतं बघ.” त्याने पाहिलं. पिंजऱ्याच्या थोड्या नळ्या आणि माझा एक सांधा बदलावा लागला. बाकी आम्ही धड होतो. “चालेल,” तो म्हणाला. “बरं,” काचवाले म्हणाले, आणि आत निघून गेले.

आणि रंगवाल्यांनी दुसरा बॉयलर मागवला. तोही वापरलेलाच.

तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातलं कुणी कारखाने चालवेल, कुणी तिथे तयार झालेली वस्तू विकत घेईल. मला तुम्हाला थोडंच सांगायचं आहे. आग लावण्याआधी शेजारी पाहा. तुम्हाला हवी असलेली ऊब कदाचित तिथे वाया जात असेल. जे आधीच घडवलेलं आहे, ते गंजू देऊ नका, कारण ते घडवताना लागलेली आग परत बोलावता येत नाही. आणि विचारायचं ते वेळेवर विचारा. अवेळी विचारलेल्या एका प्रश्नाने किती कोळसा जाळला, हे मी पाहिलं आहे. मी म्हातारा झालो आहे, आणि मला रंगरंगोटी नको आहे. मला काम हवं होतं.

आता शेवटचं सांगतो. नवा बॉयलर आला त्या सकाळचं.

मोठ्या ट्रकवर तो निजवलेला होता. वर नवा काळा रंग फासलेला, पण सांध्यांपाशी जुना गंज दिसत होता. क्रेनवाल्याने साखळदंड अडकवले. फिटरमामा पाना घेऊन चौथऱ्याजवळ उभा होता. बसवायचं काम त्याचंच होतं. भोंगा आणि त्याची बायकोही आली होती. बॉयलर चालवायचा परवाना वस्तीत मोकळ्या माणसांपैकी एकट्या भोंग्याकडे होता, आणि घरात दुसरी मिळकत नव्हती. बायकोच्या हातात फावडं होतं.

“हे कशाला?” रंगवाल्यांनी विचारलं.

“यांची बोटं मिटत नाहीत,” ती म्हणाली. “कोळसा मी टाकीन. हे सांगतील किती ते.”

फिटरमामाने मुलीकडे पाहिलं नाही. पाना या हातातून त्या हातात घेतला.

तेवढ्यात विटांच्या ढिगावर पावलं वाजली. काचवाले ढीग ओलांडून येत होते. वय झालं होतं, पाय नीट पडत नव्हता. त्यांच्या मागे थोरली होती. धाकटी कारखान्याच्या पायरीवर उभी राहिली. काचवाले साडूसमोर येऊन थांबले. दम घेतला. मागे त्यांचे कामगार उभे होते, त्यांच्यादेखत ते म्हणाले,

“तुम्ही विचारलं होतंत, माझी भट्टी विझली तर काय. विझणार. सगळ्याच विझतात. ती वेळ आली की आधी तुम्हाला सांगेन, मग माझ्या माणसांना. तेवढे दिवस तुम्हीही हौद रिकामे ठेवा. याहून चांगलं उत्तर माझ्यापाशी नाही. तेव्हाही नव्हतं.”

त्यांच्या कामगारांपैकी कुणी हललं नाही. भट्टी पलीकडे तशीच घरघरत होती.

रंगवाल्यांनी ट्रककडे पाहिलं, मग जमिनीकडे. क्रेनवाल्याला या घरगुती प्रकरणाशी काही घेणंदेणं नव्हतं. त्याने वरून विचारलं, “शेठ, उतरवू का? मला पुढे जायचंय.”

“थांब जरा.” रंगवाले भोंग्याकडे वळले. “तू उभा कुठे राहशील?”

भोंगा काहीतरी बोलला. ते ऐकू आलं नाही. रंगवाले त्याच्या तोंडाजवळ कान नेऊन वाकले.

“तिथेच,” भोंगा पुन्हा म्हणाला. “दारासमोर. ही माझ्या पुढे. दुसरीकडून आत दिसत नाही, शेठ.”

रंगवाले तसेच वाकलेले राहिले. भोंग्याची बायको फावड्याच्या दांड्यावरचा चिखल अंगठ्याने खरवडत होती. सरळ व्हायला त्यांना वेळ लागला. मग त्यांनी क्रेनवाल्याला हाताने नको म्हणून खूण केली, आणि साडूकडे तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“हा बॉयलर परत जाऊ दे. साडूभाऊ, मला तुमची वाफ द्या.”